एका मार्काचं वजन

गुणशोध मंडळाचा लिफाफा आला तेव्हा काटेसाहेबांची अर्धी दाढी झाली होती. उरलेली अर्धी त्या दिवशी झालीच नाही. एका गालावर साबण वाळवत त्यांनी पत्र तीनदा वाचलं, मग बायकोला वाचून दाखवलं, आणि मग काही एक कारण नसताना जिन्यात जाऊन पायपुसणं झटकलं. म्हणजे कोणी भेटलंच तर सहज सांगता यावं.

काटेसाहेब हे त्यांचं आडनाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानांतून हिंडायचं, तराजू तपासायचे, बरोबर असला तर शिक्का मारायचा आणि नसला तर सील ठोकायचं, हे काम सव्वीस वर्षं केल्यावर खरं आडनाव फक्त विजेच्या बिलावर शिल्लक राहिलं होतं. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. उलट कोणी "या काटेसाहेब" म्हटलं की त्यांची मान आपोआप ताठ व्हायची, तराजूच्या मधल्या सुईसारखी.

पत्र त्यांच्या लेकीला आलं होतं. तिला घरी-दारी सगळे ठकी म्हणत. देशभरातल्या अडीच लाख मुलांनी दिलेल्या गुणशोध चाचणीत ठकीला 'प्रशंसित' असा दर्जा मिळाला होता. दर्जे तीन. सगळ्यात वर 'विजेता', त्याखाली 'अंतिम फेरीस पात्र', आणि त्याखाली 'प्रशंसित'. अंतिम फेरीला जायला एकशे अठ्ठ्याऐंशी मार्क लागत होते. ठकीला एकशे सत्त्याऐंशी पडले.

"एका मार्कानं!" काटेसाहेब म्हणाले.

"बाबा, तो विषय नको," ठकी म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली. निकाल कळला त्या दिवशी ती उशीत तोंड खुपसून रडली होती, आणि वर 'सर्दी झालीय' असं सांगितलं होतं. तिची आई औषधाच्या दुकानात काम करायची. तिनं सर्दीचं औषध काही दिलं नाही, नुसता चहा दिला.

ठकीला जायचं होतं नदीपलीकडच्या विज्ञान महाविद्यालयात. तिथे गणिताच्या जागा साठ आणि अर्ज चार हजार. अर्जात 'सन्मान व पारितोषिके' या मथळ्याखाली पाच ओळी होत्या, आणि आजवर त्या पाचही ओळी ठकीकडे टक लावून बघत होत्या. ठकीला कधी कप मिळाला नव्हता, ढाल मिळाली नव्हती. चमचा-लिंबूत एकदा ती दुसरी आली होती, पण तेव्हा धावायला दोघीच होत्या. त्यामुळे या कागदाला काटेसाहेबांच्या लेखी फार मोल आलं. प्रश्न एवढाच होता की या 'प्रशंसित'चं नेमकं वजन किती? ज्याच्या हयातीत प्रत्येक गोष्ट ग्रॅमात सांगता आली, त्या माणसाला असा प्रश्न झोपू देत नाही.

वरच्या मजल्यावर निवृत्त हेडमास्तर राहायचे. पायपुसणं झटकताना तेच पहिले सापडले.

"प्रशंसित?" हेडमास्तरांनी पत्र डोळ्यांपासून हातभर लांब धरलं. "मुलाखतीला गेल्यावर 'कळवतो' म्हणतात ना, त्याचंच हे छापील रूप. वाईट वाटून घेऊ नका. पण आमच्या वेळी पहिला नंबर म्हणजे नंबर, बाकी सगळी हजेरी."

काटेसाहेबांना वाईट वाटून घ्यायचं नव्हतं, पण वाटलं. एवढ्यात समोरच्या दारातले विमेवाले बाहेर आले. जिन्यात दोन माणसं बोलत असली की तिसरा विमेवाला असायचाच.

"हेडमास्तरांचं मनावर घेऊ नका हो. कागद म्हणजे कागद. माझ्या मेहुण्याच्या मुलाला पोहण्याच्या शर्यतीत 'सहभागी' म्हणून प्रमाणपत्र मिळालं होतं. तेही बुडता बुडता. त्यानं ते अर्जाला जोडलं. आज कुठे आहे तो!"

"कुठे आहे?"

"ते विचारून सांगतो. पण जोडा तुम्ही. न जोडणारा मूर्ख."

शेजाऱ्यांच्या सल्ल्याचं एक असतं, त्याला शिक्का नसतो. तरी काटेसाहेबांनी दुसऱ्या सल्ल्याचं वजन जास्त धरलं, आणि त्याच संध्याकाळी ठकीला कॉम्प्युटरसमोर बसवून स्वतः मागे खुर्ची टाकून बसले. मुदत पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती, म्हणजे हाताशी चांगले बारा दिवस होते. बारा दिवसांत माणूस काय नाही करू शकत, असं त्यांना तेव्हा वाटत होतं.

पहिली अडचण सन्मानाच्या ओळीत आली. त्या ओळीत मोजकीच अक्षरं मावत होती, आणि सन्मानाचं पूर्ण नाव होतं, 'राष्ट्रीय विद्यार्थी गुणशोध व प्रोत्साहन मंडळाच्या वार्षिक चाचणीत प्राप्त झालेल्या प्रशंसित दर्जाबद्दल विशेष सन्मानपत्र'. 'विशेष सन्मा' इथे कॉम्प्युटर थांबला. काटेसाहेब कापायला बसले. 'राष्ट्रीय' काढलं तर चाचणी गल्लीतली वाटते. 'प्रोत्साहन' काढावं, तर तो मंडळाचा अपमान. 'विशेष' काढायला हात धजेना, कारण सबंध कागदावर तोच एक शब्द त्यांना मनापासून आवडला होता. पाऊण तास ही शस्त्रक्रिया चालली. शेवटी ठकीनं सगळं पुसलं आणि लिहिलं, 'गुणशोध चाचणी: प्रशंसित'.

"एवढंच?" काटेसाहेब म्हणाले. "अगं, औषधाच्या बाटलीवर याहून जास्त लिहितात."

"बाटलीवरचं कोणी वाचत नाही," आतून तिची आई म्हणाली.

दुसरी अडचण काटेसाहेबांनी स्वतः शोधून काढली. सूचनांमध्ये लिहिलं होतं की प्रमाणपत्रावरचं नाव शाळेच्या दाखल्याशी अक्षरशः जुळलं पाहिजे. 'अक्षरशः' हा शब्द लोक उगाच वापरतात, पण काटेसाहेब त्या शब्दाचे निष्ठावंत सेवक. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर बोटाखाली धरलं, आणि सापडलं. ठकीच्या खऱ्या नावात दुसरी वेलांटी आहे. मंडळानं पहिली छापली होती.

"बाबा, कोण बघतंय?"

"मी बघितलं ना? मग दुसराही बघेल."

मंडळाचं विभागीय कार्यालय चौथ्या मजल्यावर होतं, आणि लिफ्ट तिसऱ्यापर्यंत जायची. काटेसाहेबांनी एक दिवसाची रजा काढली, धुतलेला शर्ट घातला आणि सकाळी दहाला खिडकीसमोर उभे राहिले. खिडकीमागे एक बाई होत्या. त्या माणसांकडे न बघता कागदांशी बोलायच्या.

"मीसुद्धा सरकारी नोकर आहे," काटेसाहेब जरा वाकून, आपुलकीनं म्हणाले.

"मग रांगेची सवय असेलच," बाई समोरच्या कागदाला म्हणाल्या.

दीड तासानं पुन्हा नंबर आला.

"वेलांटी चुकलीय."

"बदल की भर?"

"म्हणजे?"

"वेलांटी होती आणि चुकीची होती, तर तो बदल. वेलांटी नव्हतीच, तर ती भर. दोन्हींचे नमुने वेगळे."

"बदल. पहिलीची दुसरी करायचीय."

"मग प्रतिज्ञापत्र लागेल. पहिल्या वेलांटीची मुलगी आणि दुसऱ्या वेलांटीची मुलगी एकच आहे, असं."

काटेसाहेब हसले. बाई हसल्या नाहीत, तेव्हा त्यांनी आपलं हसू आवरतं घेतलं आणि नोटरीकडे गेले. नोटरीनं मजकूर वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि काळजीनं विचारलं, "जुळ्या आहेत का?" सव्वीस वर्षं लोकांच्या वजनांवर संशय घेणाऱ्या माणसाला त्या दिवशी आपल्याला मुलगी एकच आहे हे शपथेवर सांगावं लागलं. घरी आल्यावर त्यांनी हे मोठ्या खेदानं सांगितलं. बायको हसून हसून भिंतीला टेकली. ठकीही हसली, आणि निकालानंतर ती पहिल्यांदाच इतकी हसली म्हणून काटेसाहेबांनी तो अपमान पोटात घातला.

सोमवारी नवं प्रमाणपत्र आलं. ठकीनंच लिफाफा फोडला, आणि तिनं अशी किंकाळी मारली की हेडमास्तर वरून आणि विमेवाले समोरून, दोघेही धावत आले.

वेलांटी दुसरी होती. सुबक, ठसठशीत, कुणालाही बघत राहावीशी वाटेल अशी. पण तिच्याखालच्या ओळीत, जिथे आधी 'प्रशंसित' होतं तिथे, 'अंतिम फेरीस पात्र' असं छापलेलं होतं. वर मंडळाची मोहोर, खाली सही. मार्क प्रमाणपत्रावर कुठे नव्हतेच.

"फेरतपासणी झाली असणार!" हेडमास्तर म्हणाले. "मी पहिल्यापासून म्हणत होतो, या मुलीत काहीतरी आहे."

"दैव देतं तेव्हा असंच, पाकिटातून देतं," विमेवाले म्हणाले. "चूक त्यांची, फायदा आपला. आता तोंड उघडाल तर तुमच्यासारखे तुम्हीच."

ठकीची आई दुकानातून आली ती थेट या गर्दीत. तिनं हात धुतले, कागद घेतला. डॉक्टरांची अक्षरं वाचून वाचून तिची नजर अशी तयार झाली होती की छापील कागद तिला पोरखेळ वाटायचा.

"नाव आपलं आहे," ती म्हणाली. "औषध दुसऱ्या पेशंटचं आहे."

एवढं बोलून ती कणीक मळायला गेली. पण त्यानंतर जिन्यातली मंडळी आपापल्या घरी पांगली.

ठकी कागद छातीशी धरून बसली होती. "बाबा, एका मार्काचाच तर प्रश्न आहे. अडीच लाखांत एक मार्क. असू दे ना."

आणि खरं सांगायचं तर काटेसाहेबांच्या मनातही 'असू दे ना' हेच होतं. त्यांनी मोठ्या तोंडानं 'नाही' म्हटलं असतं तर ही गोष्ट सांगायला सोपी झाली असती. पण ते काही म्हणाले नाहीत. ते गॅलरीत गेले, कुंडीला पाणी घातलं, आणि दहा मिनिटांनी त्याच कुंडीला पुन्हा पाणी घातलं. आपल्या पोरीनं दोन वर्षं पहाटे उठून अभ्यास केला, तिला एक मार्क कुणीतरी चुकून दिला, तर कुणाचं काय गेलं? आपण कुठे काही केलं? आपण तर वेलांटी दुरुस्त करायला गेलो होतो. वेलांटी दुरुस्त झाली. बाकीचं आपल्या खात्यात येत नाही.

बुधवारी त्यांची तपासणी बाजारात होती. सुक्या मेव्याच्या दुकानात एक आजीबाई बसायच्या. काटेसाहेबांनी प्रमाण वजन त्यांच्या तराजूत ठेवलं, पाहिलं, काढलं, पुन्हा ठेवलं. तराजू किलोला बारा ग्रॅम चुकत होता, पण गिऱ्हाइकाच्या बाजूनं. म्हणजे आजीबाई कित्येक महिने प्रत्येकाला बारा ग्रॅम जास्त देत होत्या.

"सील करावा लागेल," काटेसाहेब म्हणाले.

"अहो साहेब, मी कमी देत नाही, जास्त देते! जास्त दिल्याची पण शिक्षा?"

"आजी, जास्त देणारा काटासुद्धा खोटाच असतो."

हे वाक्य त्यांनी सव्वीस वर्षांत दीड-दोनशे वेळा तरी म्हटलं असेल. ते तोंडपाठ होतं, म्हणून तोंडातून आपोआप बाहेर पडलं. आणि या वेळी ते बाहेर पडून गेलं नाही, कानात शिरून बसलं. काटेसाहेब सील हातात धरून इतका वेळ उभे राहिले की आजीबाईंनी त्यांना स्टूल दिलं आणि पाणी विचारलं.

संध्याकाळी जेवताना त्यांनी विषय काढला. आडवळणानं काढायचा ठरवलं होतं, पण त्यांना आडवळणं कधी जमलीच नाहीत.

"ठके, तो कागद परत करू या."

ठकीनं घास खाली ठेवला. "कशाला? त्या मेवेवाल्या आजींसाठी?" बाजारातली हकिकत त्यांनी आल्या आल्या सांगून टाकली होती. "बाबा, मी तराजू नाही."

"नाहीस."

"तुम्हाला मी तिथे जायला नकोय का?"

काटेसाहेब पाणी प्यायले. बायकोनं दोघांकडे पाहिलं आणि त्या दिवशी पहिल्यांदाच बाजू घेतली नाही, कुणाचीच.

ठकी उठून गेली. पंधरा मिनिटांनी परत आली ती दारातच उभी राहिली.

"मुलाखतीत कोणी विचारलं की अंतिम फेरी कशी झाली, तर मी काय सांगू? मी गेलेच नाही तिथे. कुठे होती तेसुद्धा मला माहीत नाही." ती थांबली. "मी येते तुमच्याबरोबर. पण मी तुमच्यावर रागावलेली आहे. ते लक्षात असू द्या."

"लक्षात ठेवतो," काटेसाहेब म्हणाले.

गुरुवारी बापलेक तिसऱ्या मजल्यावर लिफ्टमधून उतरले आणि चौथ्यावर चढले. ठकी एक पायरी पुढे चालत होती. राग होता ना. खिडकीवरच्या बाईंनी कागद घेतला आणि सवयीनं कागदाला विचारलं, "बदल की भर?"

"कपात," काटेसाहेब म्हणाले.

बाईंनी मान वर केली. त्यांचे डोळे तपकिरी आहेत हे तेव्हा कळलं.

"म्हणजे?"

"दर्जा जास्त छापलाय. कमी करून द्या."

बाईंनी शेजारच्या टेबलावरच्या माणसाला बोलावलं. त्यानं पलीकडच्याला बोलावलं. दर्जा वाढवून मागण्याचा नमुना होता, त्याच्या गठ्ठ्यांनी एक सबंध कपाट भरलं होतं. कमी करून मागण्याचा नमुना नव्हता, कारण मंडळ सुरू झाल्यापासून कोणी मागितलाच नव्हता. नमुना नाही म्हणजे अर्ज नाही, अर्ज नाही म्हणजे काम नाही. "तुम्ही हाच कागद वापरा ना," पलीकडचा माणूस समजुतीनं म्हणाला, "आम्ही काही तक्रार करणार नाही." काटेसाहेबांना त्या क्षणी असं वाटलं की आपण दुकानदार आहोत आणि समोर तीन निरीक्षक उभे राहून आपल्याला खोट्या काट्याला परवानगी देताहेत.

शेवटी प्रकरण मोठ्या साहेबांपर्यंत गेलं. साहेबांनी दार लावून घेतलं, ठकीला बसायला सांगितलं आणि काटेसाहेबांना हळूच विचारलं, "मुलीशी काही भांडण वगैरे आहे का तुमचं?"

"आहे," ठकी म्हणाली. "पण ते वेगळं आहे."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी दर्जा वाढवण्याचा नमुना मागवला, त्यातला 'वाढवून' हा शब्द स्वतःच्या पेनानं खोडला आणि वर बारीक अक्षरात 'कमी करून' असं लिहिलं. सही अर्जदाराची लागत होती, बापाची चालत नव्हती. ठकीनं पेन घेतलं. ते कागदावर टेकलं आणि क्षणभर तिथेच राहिलं. काटेसाहेबांना वाटलं, आता ही पेन खाली ठेवेल, आणि तिनं ठेवलं तर आपण एक अक्षर बोलायचं नाही. पण तिनं सही केली. दुसऱ्या वेलांटीसकट.

नवा कागद शुक्रवारी दुपारी तीनला हातात पडला. नाव बरोबर, दर्जा 'प्रशंसित', आणि खाली तळहाताएवढा जांभळा शिक्का: 'अर्जदाराच्या विनंतीवरून दर्जा कमी करण्यात आला आहे'. हा शिक्का खास करून घेतला होता म्हणे. खिडकीवरच्या बाईंनी तो स्वतः, कोपरापासून जोर लावून मारला होता, त्यामुळे त्याचा छाप पाठच्या बाजूलाही उठला होता.

"हा शिक्का कशाला?" काटेसाहेब कळवळून म्हणाले. "आता वाटेल, पोरीनं काहीतरी लबाडी केली होती!"

"काम केलं की शिक्का लागतो," बाई म्हणाल्या. "तुम्हाला सांगायला नको." आणि मग खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी ठकीच्या गालाला बोट लावलं. "जा बाळा, पाच वाजतील."

महाविद्यालयाच्या संकेतस्थळाला दोनशे केबीपेक्षा मोठा कागद चालत नव्हता, आणि जांभळ्या शिक्क्यामुळे तो तीनशे दहा होत होता. ठकीनं तो बारीक केला तर अक्षरं विरघळली. तिच्या आईनं दुकानातल्या मशीनवर काळापांढरा करून पाठवला. चार वाजून त्रेपन्न मिनिटांनी अर्ज गेला. त्यात कागदावरची सगळी अक्षरं पुसट होती आणि शिक्का मात्र ठळक वाचता येत होता.

तीन आठवड्यांनी मुलाखतीचं बोलावणं आलं. काटेसाहेब सोबत गेले आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिले. दारामागून आधी नुसती कुजबुज येत होती. मग तीन माणसं एकदम मोठ्यानं हसली. काटेसाहेबांनी कान टवकारले. शिक्का वाचला असणार.

थोड्या वेळानं प्रवेशाचं काम बघणाऱ्या बाई बाहेर आल्या. चष्म्याची दोरी गळ्यात, हातात तोच कागद. "तुम्ही वडील का? पुढची मुलगी यायला वेळ आहे. म्हटलं, बघावं तरी, असला शिक्का मारून घेणारा माणूस कसा असतो."

काटेसाहेब उठून उभे राहिले. एवढे दिवस जपून ठेवलेला प्रश्न त्यांच्या ओठांवर आला. "बाई, एक विचारू? या 'प्रशंसित'चं तुमच्याकडे वजन किती धरतात?"

"आमच्या तक्त्यात सन्मानाचा एक रकाना आहे. काही असलं तर बरोबरची खूण, नसलं तर फुली."

"आणि अंतिम फेरीवाल्याला?"

"बरोबरची खूण."

"विजेत्याला?"

"अहो, रकानाच एवढासा आहे. त्यात आणखी काय करणार?"

"चार हजारांत किती जणांना खूण मिळाली?" काटेसाहेबांनी खोल गेलेल्या आवाजात विचारलं.

"साडेतीन हजार तरी असतील. पोहण्यात सहभागी झालेले सुद्धा आहेत." बाई हसल्या. "सन्मानांनी कोणी आत येत नाही हो, आणि कोणी बाहेरही राहत नाही. आम्ही मुलांशी बोलतो, मार्क बघतो, गणितं घालतो. तुमची मुलगी चांगली बोलते."

तीन रजा, एक प्रतिज्ञापत्र, तीन प्रमाणपत्रं, घरातला अबोला; आणि सगळ्याचं वजन एक बरोबरची खूण. काटेसाहेब पुन्हा बाकावर बसले. कोणी त्यांना त्या क्षणी तोललं असतं तर फार हलके भरले असते.

प्रवेश मिळाला. पत्र पुढच्या महिन्यात आलं, ठकीचा नंबर साठांत एक्केचाळिसावा होता. हेडमास्तर म्हणाले, प्रशंसितचा परिणाम. विमेवाले म्हणाले, शिक्क्याचा. पण ते सगळं नंतर. मुलाखतीच्या दिवशी दोघं बसथांब्यावर बसले होते आणि काटेसाहेबांना एकच गोष्ट टोचत होती.

"ते हसले का गं तुला?"

"मला नाही हसले. मी म्हटलं, अंतिम फेरी एका मार्कानं हुकली. त्यांनी विचारलं, तो मार्क कुठे गेला? मी ते गणित सांगितलं."

"कुठलं गणित?"

आजवर त्यांनी हे विचारलंच नव्हतं. 'तो विषय नको' म्हटल्यावर त्यांनी तो खरंच काढला नव्हता.

"नऊ वजनं आहेत," ठकी म्हणाली. "दिसायला सारखी. त्यातलं एक किंचित जड आहे. दोन पारड्यांचा तराजू आहे. कमीत कमी किती वेळा तोललं की जड वजन नक्की सापडेल?"

काटेसाहेबांच्या अंगात एकदम जीव आला. अडीच लाख पोरांना घातलेला प्रश्न, आणि तोही त्यांच्या घरचा! "तीन वेळा! चार इकडे, चार तिकडे, एक बाजूला. सारखी भरली तर बाजूचं जड. नाहीतर जड पारड्यातली चार घ्यायची, दोन-दोन करायची. मग एक-एक. तीन. याला काय कागद-पेन्सिल लागते?"

"मीपण तीनच लिहिलं."

"मग मार्क का नाही दिला? त्यांना म्हणावं, एकदा माझ्या ऑफिसात या!"

"उत्तर दोन आहे, बाबा."

ठकीनं खाली वाकून थांब्याजवळचे नऊ खडे गोळा केले आणि बाकावर दोघांच्या मध्ये ठेवले. तीन इकडे, तीन तिकडे, तीन बाजूला. जड बाजू कळली की त्यातला एक इकडे, एक तिकडे, एक बाजूला. झालं. काटेसाहेब बघत राहिले. मग त्यांनी तिला थांबवून स्वतः केलं. दोनच वेळा. पुन्हा केलं. दोनच.

"मग तू हे अर्धं-अर्धं का करत बसलीस?" ते जरा चिडून म्हणाले. "कोणी शिकवलं तुला?"

ठकी नुसती त्यांच्याकडे बघत राहिली, तिची आई बघायची तशी.

आणि काटेसाहेबांना आठवलं. ठकी सहावीत होती, तिला सुट्टी होती, घरी कोणी नव्हतं म्हणून ते तिला ऑफिसात घेऊन गेले होते. ती टेबलावर पाय हलवत बसली होती आणि ते तिला सांगत होते, खोटं वजन शोधायचं असेल ना ठके, तर अर्धं कर, मग त्याचं अर्धं कर. चूक आपोआप सापडते. लहान मुलं ऐकतात असं वाटत नाही. ऐकतात.

"हे तू आत सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं, मार्क कुठे गेला. मी म्हटलं, कुठे गेला नाही, घरीच आहे."

काटेसाहेबांनी मान खाली घातली. मग ठकीचा खांदा त्यांच्या खांद्याला टेकला आणि टेकलेलाच राहिला.

"अजून रागावलीयेस?"

"आता नाही. ती तिघं हसली ना, त्यातल्या दोघांनी उत्तर तीनच दिलं असतं. त्यांनीच सांगितलं. त्यातला एक तर गणिताचा प्रोफेसर आहे."

"असं म्हणाले?" काटेसाहेब ताठ झाले. "दोघं?"

बस आली. दार उघडलं, वाहकानं दोघांकडे पाहिलं. काटेसाहेबांनी त्याला हातानंच पुढे जायची खूण केली.

"थांब," ते खडे पुन्हा एकत्र करत म्हणाले. "सत्तावीस असती तर?"